कशाला चांगली?

मुआयना, म्हणजे शाळेची तपासणी, दहाला होता आणि कमलबाईंच्या हातातला खडू नवापासूनच घामानं ओला झाला होता.

पालमच्या शाळेतली त्यांची नेमणूक हंगामी होती. इन्स्पेक्टर साहेबांचा शेरा बरा पडला तर कायम. नाहीतर महिनाअखेरीला पाथरीला, दिराच्या घरी परत. नवरा वारल्यावर चार वर्षं त्यांनी तिथं काढली होती. त्यांच्या पेटीला बन्सीधरभावजींचं कुलूप असे. मॅट्रिकची शास्त्राची वह्या-पुस्तकं भावजींनी दुकानात पुड्या बांधायला नेली. एकदा घरी आलेल्या हळदीच्या पुडीवर त्यांना स्वतःच्याच हातानं काढलेली भिंगाची आकृती दिसली होती.

"हे बघा कमलबाई," हेडमास्तर दिनकररावांनी सकाळीच बजावलं होतं. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून इंग्रजीचं नाव काढलं की तेही बिचकत. "साहेब औरंगाबादेहून यायलेत. पोरांकडून एका सुरात म्हणून घ्या. गुड म्हणजे चांगला, बॅड म्हणजे वाईट. एक शब्द, एक अर्थ, खल्लास. तुमचं ते बाजारातलं खूळ आज नको."

ते खूळ गेल्या महिन्यातलं. कमलबाई दुधासाठी शेळी घ्यायला बाजारात गेल्या होत्या. एका शेळीकडे बोट दाखवून त्यांनी शेळ्या विकणाऱ्या भिवराबाईला विचारलं, "ही चांगली आहे का?"

"कशाला?" भिवराबाई म्हणाली.

"कशाला म्हणजे?"

"दुधाला, का देवाला, का इकायला? ही दुधाला चांगली, पर लवकर आटती. ती काळी पिल्लाला चांगली, परक्या पिल्लाला बी पाजती. नुसती चांगली कोन असती, बाई?"

कशाला ते कळल्याशिवाय भिवराबाई गिऱ्हाइकाला दाव्याला हात लावू देत नसे. सगळा बाजार तिला हसे आणि शेळी मात्र तिच्याकडूनच घेई. दुसऱ्या दिवशी कमलबाई वर्गात चाकू, दुधाची वाटी आणि ज्वारीचं कणीस घेऊन गेल्या. गुड नाइफ, गुड मिल्क, गुड क्रॉप. प्रत्येक वस्तूपाशी 'गुड' निराळं होत गेलं. तेव्हापासून वर्गाला सवयच लागली. 'गुड' म्हटलं की पोरं आधी विचारत, "गुड काय, बाई?" सगळ्यांत मोठा आवाज सुगंधाचा. भिवराबाईचीच लेक ती.

साडेनवाला कमलबाईंनी सुगंधाला जवळ बोलावलं.

"आज साहेबांना उलट विचारायचं नाही. समजलं?"

"बरं, बाई." मग जरा थांबून, "तुमी भ्यायलाव का?"

कमलबाई फळा पुसायला वळल्या. पोरीला गप्प बसवलं याची लाज वाटली, पण भीती त्याहून मोठी होती.

साहेब आले. उंच, काळा कोट, हातात शाळेची शेऱ्याची वही. दिनकरराव मागं अदबीनं उभे. वर्गानं एका सुरात म्हणून दाखवलं. साहेबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी सरळ सुगंधाकडे बोट केलं.

"तू सांग. गुड म्हणजे काय?"

सुगंधानं बाईंकडे पाहिलं, ओठ दाबले. आणि तिला राहवलं नाही.

"गुड काय, साहेब?"

दिनकरराव खोकले. कमलबाईंच्या मुठीत खडू मोडला.

"मी तुला विचारतोय," साहेब सावकाश म्हणाले. "तू मला नाही."

"व्हय, पर काय ते कळल्याबिगर कसं सांगू?"

साहेबांनी वही मिटली. कमलबाईंना पाथरीची एसटी दिसू लागली.

"गुड नाइफ," साहेब म्हणाले.

"धार असलेली सुरी."

"गुड मिल्क?"

"नासलं न्हाई ते. पाणी घातलं न्हाई ते बी."

"गुड रेन?"

"पेरणीला लागंल तेवढा. काढणीला आला तर गुड न्हाई."

साहेबांनी कमलबाईंकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ त्यांना लागेना.

"आणि गुड टीचर?"

सुगंधा विचारात पडली. कमलबाईंनी टेबलाची कड धरली.

"ते सांगता येत न्हाई, साहेब."

"का?"

"शेळी दुसरीच्या शेजारी हुबी केल्याबिगर माय कुणाला चांगली म्हणत न्हाई. आमाला एकच बाई हायत." मग ती उत्साहानं म्हणाली, "दुसऱ्या बाई आल्या की सांगते!"

दुसऱ्या बाई. म्हणजे आपण पाथरीला. दिनकररावांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी वही उघडली, उभ्याउभ्याच काहीतरी खरडलं.

"दुसऱ्या बाई पाठवायची आमच्याकडे सोय नाही, पोरी," ते म्हणाले. "याच वापरा."

वही टेबलावर ठेवून ते बाहेर पडले. दिनकरराव त्यांच्यामागं धावले, उंबऱ्यातूनच परत फिरले आणि टेबलावर ठेवलेल्या वहीवर वाकले. सगळा शेरा इंग्रजीत. "काय लिहिलंय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

कमलबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. "कायम करावे, असं."

शाई अजून ओली होती. टीपकागद हाताशी होता, पण त्यांनी तो लावला नाही. अक्षर फिसकटलं तर! वाळेपर्यंत त्या वही दोन्ही हातांनी उघडी धरून उभ्या राहिल्या.