गोल्फच्या मैदानाची पाणीचावी

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. पण कुलपाची नव्हे, पाण्याची. कमरेएवढी उंच, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. मनमाडच्या रेल्वे भंगारातलं लोखंड तापवून लोहाराने मला घणाखाली झोडपून काढलं. मार खातच जन्मले, म्हणून जिभेला धार आहे.

नाशिकला एका गोल्फच्या मैदानाशेजारी मी नोकरी केली. टाकी एकच, वाटा दोन. एक वस्तीच्या नळाला, दुसरी मैदानातल्या गवताला. पुंजाराम चावीवाला मला फिरवील तिकडे पाणी. साहेब लोक माझं कौतुक करायचे आणि मी फुगायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नळापाशी हंड्यांची रांग लागायची. बाई घरी गेली तर तिच्या नंबरावर दगड ठेवून जायची. त्या दगडाला कुणी हात लावायचा नाही, हा वस्तीचा कायदा.

उन्हाळ्यात मैदानावर सामने ठरले. साहेबांचा हुकूम सुटला, सगळं मैदान हिरवं हवं. भर दुपारी मला गवताकडे फिरवलं. काही पाणी उन्हाने खाल्लं, काही उतारावरून गटारात गेलं. नळ कोरडा पडला.

चांगुणाबाई पदर खोचून आली. तिची सून ओली बाळंतीण, घरात प्यायला घोटभर नाही.

"पुंजाराम, गवताचं बारसं हाय का रं आज? माझी सून तहानली अन् तू ह्याला न्हाऊ घालतोस?"

"आक्का, वरून हुकूम हाय."

"मग वरच्याला खाली बोलाव!"

मैदानाचा पहारेकरी झुंबर खवळला. त्याने रांगेतला तिचा दगड लाथेने उडवला. "जा, नंबर गेला तुझा!"

झालं! बायका तुटून पडल्या. हंडे डोक्यात बसले, सदरे फाटले. झुंबरने पुंजारामकडून मला हिसकावलं आणि चांगुणाबाईच्या मनगटावर घातलं. हाड मोडलेलं मला माझ्या अंगात कळलं. डाव्या हाताने मला ओढून तिने झुंबरचं कपाळ फोडलं, मग टाकीतून निघणारा पाइपच फोडला. टाकी रिकामी होईस्तोवर पाणी रक्तचिखलातून वाहत राहिलं. ना गवताला, ना हंड्याला. सुनेला शेजारणीने आपल्या पोरांच्या वाटचं तांब्याभर दिलं.

बायका फुटक्या पाइपावरच बसल्या, कुणाला जोडू देईनात. शेवटी साहेब आले. "बाई, काय हवंय तुम्हाला?"

"आधी नळ. मग चेंडूच्या भोकाभोवतीचं तेवढं गवत, तेही उजाडताना. बाकीचं वाळू द्या. गवत पावसात परत उठतं साहेब, माणूस उठत नाय."

साहेब कबूल झाले. पाइप जोडला, टाकी पुन्हा भरली. चांगुणाबाईचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून मला फिरवायला पट्टी बांधलेल्या झुंबरलाच उभं केलं. "फिरव," ती म्हणाली. नळाला धार लागली. पहिला हंडा झुंबरनेच खांद्यावरून नेऊन बाळंतिणीच्या दारात ठेवला. सामने वाळक्या मैदानावर झाले. चेंडू काही मेला नाही.

मित्रांनो, गवताला पाणी जरूर द्या. पण ऊन नसताना, लागेल तिथेच, आणि आधी शेजारचा हंडा भरलाय का ते बघून. नाहीतर माझ्यासारखी चावी कुणाच्या हातात जाईल आणि कुठे बसेल, ते मला विचारू नका.