पाठीला पाठ
बाटली जेमतेम अंगठ्याएवढी. उजेडात धरली तर आतलं औषध पाण्यासारखं साधं, गरीब दिसणारं... आणि थेंबभर जास्त झालं तर खाटेवरच्या त्या बाळाच्या हृदयाचा ताल बिघडेल, कमी पडलं तर ते दमून जाईल. म्हणून लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात हृदयाच्या औषधाला नियमच होता — दोन परिचारिकांनी पाठीला पाठ लावून, बाळाच्या वजनावरून वेगवेगळा हिशेब करायचा, उत्तरं जुळली तरच औषध भरायचं. आणि इथल्या थोरल्या परिचारिकेच्या पाठीला पाठ लावून कोण, तर तिच्याच धाकट्या भावाची बायको! घरी पडद्याच्या रंगावरूनही दोघींचं कधी पटलं नाही. इथे मात्र रोज दशांशापर्यंत पटायचं — हे घरी कुणाला सांगायचं नाही, असं दोघींनी न बोलताच ठरवलेलं.

आज उत्तरं जुळली नाहीत.

"ताई, तुमचं कमी आलंय."

"तुझं जास्त आलंय," जीभ घरच्या सवयीने चालली, आणि मग तिने आपला कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला. एकीचं चुकलंय... माझं?

"वजन कुठलं धरलंत?"

"गेल्या आठवड्याचं." सवयच झालेली, किती दिवस ते हललंच नव्हतं.

"सकाळी मी केलं ना. वाढलंय."

वाढलंय! पण हुरळून कसं चालेल — अशा बाळाच्या अंगात पाणी साचलं तरी काटा पुढे सरकतोच. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी छाती ऐकली, पोट चाचपलं, इवल्या पावलावर बोट दाबून उचललं. दोघी नणंदा-भावजया त्या पावलाकडे बघत राहिल्या. खळगा पडला नाही.

"सूज नाही. बाळसं धरतंय हो! नव्या वजनावर हिशेब करा."

"तरीच मोजे चढेनात," उशाशी बसलेली आई म्हणाली, "मला वाटलं, धुवून आटले!" आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

पुन्हा पाठीला पाठ. आपण चुकलो, तेही हिच्यापुढे — याचं वाईट वाटायला हवं होतं. तिने मनात शोधून पाहिलं, सापडेना. उलट आतून काहीतरी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं... मागची पाठ हलत होती. हसतेय? रडतेय? इतक्या वर्षांत हिला असं काही विचारावंसंच वाटलं नव्हतं. पण आकडा येईपर्यंत वळायचं नाही, बोलायचं नाही. ती आकड्यांकडे बघत राहिली — सावकाश, एकेक तपासत — आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याला घाई झालीय, वळायची.