चार पट्ट्यांचा फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे. माझी लाकडी चौकट कधीच मोडली, कोपऱ्यांतल्या कड्या निघाल्या, आणि सध्या माझा मुक्काम कुंभार पिंपळगावात, अण्णासाहेब गुरुजींच्या अंगणातल्या सरपणावर आहे. मित्रांनो, हसू नका. एके काळी मी चौकात उभा होतो आणि जाणारी-येणारी माणसं मान वर करून माझ्याकडे बघत होती.

माझा जन्म अंबडच्या एका छपाईच्या दुकानात झाला. मला छापायला आले होते राजानंद मामा. त्यांच्या भाचीला, म्हणजे गुरुजींच्या अक्षताला, विमान चालवायचं लायसन मिळालं होतं आणि मामांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

"नावामागं काय टाकू?" दुकानदाराने विचारलं.

"कॅप्टन टाक. पायलट म्हंजे कॅप्टनच की."

"ड्रेसमधला फोटो हाय का?"

"न्हाई. तूच लाव एखादा बराबर दिसंल असा."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुकानदाराने कुठल्याशा पायलटच्या धडावर अक्षताचा चेहरा बसवला. त्या धडाच्या खांद्यांवर चार-चार सोनेरी पट्ट्या होत्या. मागे विमान उडालं, खाली शुभेच्छुकांचे फोटो लागले, आणि त्यांत मामांचा फोटो सगळ्यांत मोठा आला. चार पट्ट्या वर्षानुवर्षं विमान चालवलेल्या माणसाला मिळतात, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? लायसन म्हणजे नोकरी नव्हे, हेही ठाऊक नव्हतं. मी आपला ताठ मानेने चौकात उभा राहिलो.

बाजाराच्या दिवशी माझ्यापुढे गर्दी व्हायची. शाळेच्या पोरी माझ्याजवळ उभ्या राहून फोटो काढायच्या. बेबीनंदा ताई, अक्षताची आई, भाजी घ्यायला निघाल्या की मुद्दाम वाट वाकडी करून माझ्यासमोरून जायच्या. मग एके दिवशी अक्षता स्वतः बसमधून उतरली. तिने माझ्याकडे पाहिलं, खांद्यांवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि ओढणी डोक्यावर घेऊन भराभर घराकडे चालू लागली. एवढं कौतुक पाहून पोरगी लाजली, असं लोकांना वाटलं. ती लाजली नव्हती, तिला शरम वाटली होती. या दोन्हींतला फरक मला त्या दिवशी कळला.

नोकरी काही मिळाली नाही. नव्या पायलटांना कुणी विचारीना. माझ्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला आणि गुरुजी मला घडी घालून घरी घेऊन आले. सरपण भिजू नये म्हणून त्यांनी मला त्यावर पसरलं, पण उलटं. चेहरा आत, पांढरी पाठ बाहेर. फ्लेक्सला कोण विचारतो?

शेजारच्या पुष्पाबाई कुंपणापाशी यायच्या. "गुरुजी, पोरगी कोन्त्या इमानावर असती?" गुरुजी म्हणायचे, "सुट्टीवर आलीय. जाईल आता जल्दीच." असं म्हणताना ते पुष्पाबाईंकडे बघत नसत. आत अक्षता भांडी घासता घासता थांबायची. कुणी आलं की ती अंगणात येईनाशी झाली. जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवणारा बाप आपल्यासाठी खोटं बोलतो, याची तिला मान वर होऊ नये इतकी लाज वाटत होती. आणि सरपणावर पालथा पडून मला माझ्यावर छापलेल्या प्रत्येक अक्षराची लाज वाटत होती.

अशात एका विमान कंपनीची जाहिरात आली. कंपनी डबघाईला आलेली. निम्मी विमानं जमिनीवर उभी, पगार कधी होईल याचा नेम नाही, जुने पायलट सोडून चाललेले. म्हणून तर नव्यांना बोलावणं आलं होतं. अक्षता सरपणाशेजारी बसून तिच्या मैत्रिणीशी, पायलशी, फोनवर बोलत होती. पायल म्हणत असावी की तिथं जाऊ नकोस, कारण अक्षता म्हणाली, "समजतंय गं मला. पन इथं बसून शिकलेलं गंजून राह्यलं त्याचं काय?" अर्जाची मुदत संपत आली होती आणि तिचा अंगठा काही पुढे सरकत नव्हता.

तेवढ्यात राजानंद मामा फटफटीवरून आले. बेबीनंदा ताईंनी त्यांच्या कानावर घातलं होतं.

"अक्षू, कंपनीचं बोलावनं आलं म्हने. मी अंबडला सांगून आलो. या टायमाला दुप्पट मोठा छापतो."

अक्षता उठून उभी राहिली. तिने माझा कोपरा धरून मला सरपणावरून ओढलं आणि अंगणात सुलटं टाकलं.

"मामा, अजून मी अर्जच केला न्हाई. आन का केला न्हाई, सांगू? मला कंपनी बुडायची भीती न्हाई वाटून राह्यली. मला याची भीती वाटून राह्यली. कंपनी बुडाली तर पुन्हा तोंड लपवून बसमधून उतरावं लागंल मला."

मामा फटफटीची चावी बोटांत फिरवत उभे राहिले. गुरुजी ओट्यावरून खाली आले. त्यांनी वाकून माझा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"याला उलटा मीच घातला," ते म्हणाले. "लोकाला दिसू नये म्हणून. तुझं तोंड झाकलं मी, बेटा. तू कर अर्ज. बुडाली कंपनी तर घरी ये. मी सांगंन लोकाला, कंपनी बुडाली म्हणून. पोरगी न्हाई बुडाली."

अक्षताने आतून कात्री आणली. आधी तिने 'कॅप्टन' हा शब्द कापला, मग दोन्ही खांद्यांवरच्या पट्ट्या. मित्रांनो, मला दुखलं नाही. जे माझं नव्हतंच, ते गेलं. मग तिने तिथंच, उकिडवं बसून, अर्ज पाठवला.

आता मी पुन्हा सरपणावर आहे, पण सुलटा. कापलेल्या जागेतून पाणी झिरपतं आणि खालची चार लाकडं ओली होतात. गुरुजींनी तिथं ठिगळ लावलेलं नाही. माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे, मित्रांनो, की कुणाचं कौतुक करायचं तर त्याच्या मापाचं करा. सैल कौतुक अंगावर घेऊन माणसाला चालता येत नाही. आणि ते छापून झालंच असेल, तर निदान त्या माणसाला पालथं घालू नका.

कालच पुष्पाबाई कुंपणापाशी आल्या. "गुरुजी, पोरगी कोन्त्या इमानावर असती मंग?"

"कोन्त्याच न्हाई," गुरुजी म्हणाले. "अर्ज केलाय. कंपनी जरा अडचणीत हाय. सध्या घरीच असती ती."

"असं व्हय. मंग बोलवा की तिला भाईर. किती दिस झाले, पाह्यली न्हाई."

गुरुजींनी हाक मारायच्या आधीच घराचं दार उघडलं. अक्षता चहा घेऊन अंगणात आली.