सहीपुरतं पेन

दौतराव टेबलाखाली गुडघे टेकून कचऱ्याच्या टोपलीतले कागद एकेक करून उलगडत होते. डाव्या मुठीत पेनाचं टोपण घट्ट धरलेलं होतं. पेन मात्र नव्हतं.

"साहेब, टोपली मी दोनदा बघितली," शिपाईबाई म्हणाल्या. "त्या पोरीनंच नेलं. सही केली, पेन पर्समध्ये टाकलं आणि नवऱ्याचा हात धरून जिना उतरली. खाली टॅक्सी उभीच होती."

"मुद्दाम नाही नेलं तिनं."

"मी कुठं म्हणते मुद्दाम? घाबरली होती बिचारी. पण तुम्हाला सांगून सांगून थकले मी, लोकांच्या हातात साधं पेन देत जा म्हणून."

दौतराव टेबलाचा कोपरा धरून उठले. विवाह नोंदणीच्या या टेबलावर त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती. बोटांवर शाईचा डाग नाही असा दिवस कुणी पाहिला नव्हता, म्हणून कार्यालयात त्यांचं नाव दौतराव पडलं आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. स्वतः मात्र ते बिनलग्नाचे. "वाढप्याला शेवटी बसायला ताट उरत नाही, तसं झालं याचं," असं त्यांची थोरली बहीण म्हणायची. भाऊबहीण दोघंच एका घरात राहत होते.

दौतरावांना ना सिगारेट, ना सिनेमा. छंद एकच, इटलीत हातानं घडवलेली शाईपेनं. अशी अकरा पेनं त्यांनी जमवली होती, वर्षवर्ष थांबून एकेक. कपाटातल्या पेटीत मऊ कापडावर ती ओळीनं निजलेली असत. रविवारी सकाळी ते एकेक पेन खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवत. इतर दिवशी त्यातलं एक खिशाला लावून कार्यालयात आणत आणि त्यानंच नवराबायकोच्या सह्या घेत. माणूस आयुष्यात एकदा ही सही करतो, ती दोरीला बांधलेल्या बॉलपेननं का करावी, असं त्यांचं म्हणणं होतं. टोपण आपल्याजवळ ठेवून पेन दिलं की पेन परत येतं, हे कारकुनीतलं पहिलं शहाणपण. एकोणतीस वर्षांत ते कधी फसलं नव्हतं.

आणि आज फसलं, तेही नेमकं त्या पेनाबाबत. मधाच्या रंगाचं, आत हिरवट लाटा असलेलं. एका लहान गावातल्या म्हाताऱ्या कारागिरानं घरामागच्या खोलीत ते लेथवर उतरवलं होतं. ज्या सेल्युलॉइडच्या कांडीतून पेन कातलं, ती त्यानं आधी चार वर्षं नुसती सुकत ठेवली होती. "घाई केली तर नंतर वाकते," असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. पेन पोचलं त्याच्या पुढच्याच वर्षी तो गेला. आता तसं पेन मागायला दार नव्हतं.

उघडी नीब पर्समध्ये, किल्ल्यांच्या आणि सुट्ट्या नाण्यांच्या संगतीत. पोरगी जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत येईल, असं दौतरावांनी मनाशी धरलं. ती आली नाही. मग त्यांनी कपाटातून तिच्या अर्जाची फाईल काढली आणि लग्नानंतर राहण्याचा पत्ता एका चिठोऱ्यावर उतरवून घेतला. घरी जाताना वाटेतच ती गल्ली लागत होती.

तीन वाजता दोन माणसं आली. थोरला पायांत चकचकीत पॉलिश केलेले बूट घातलेला, बसचालक म्हणून निवृत्त झालेला. धाकटा त्याचा भाऊ, गॅरेजवाला. नखांत काळं तेल रुतलेलं.

"आज सकाळी माझ्या मुलीनं इथं लग्न केलं," थोरला म्हणाला. आवाज खालचा होता. "राहते कुठं ते हवंय."

दौतरावांनी टोपण मुठीत लपवलं. का लपवलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"पत्ता देता येत नाही. नोंदवहीतली सह्यांची नोंद बघता येते, पण त्यालाही अर्ज लागतो. उद्या या."

"उद्यापर्यंत काय करायचं?" धाकटा म्हणाला. "पोरगी आमची, पत्ता तुमच्या कपाटात. हे बरं आहे."

"मोठी आहे ती आता. वय तपासूनच नोंद केलीय."

"वय आम्हाला सांगू नका. तिला शाळेत मी सोडायचो, माझ्या गाडीवरून." त्यानं टेबलावर दोन्ही हात टेकले. "एकदा समोर येऊ दे, मग तिला आणि त्याला दोघांनाही बघतो."

थोरल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बाहेर नेलं. पण दोघं गेले नाहीत. जिन्याजवळच्या बाकावर बसून राहिले. दाराच्या फटीतून दौतरावांना ते पॉलिशचे बूट दिसत होते. नंतरच्या तासाभरात त्यांनी एका नोंदीत तारीख चुकवली, खोडली आणि पुन्हा तीच चूक केली.

साडेपाचला ते निघाले. शिपाईबाई जिन्यावर झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांचा आवाज मुळातच खणखणीत.

"जाताय ना मग पेन आणायला? पत्ता घेतलात ना त्या पोरीचा?"

दौतरावांचे पाय पायरीवर थिजले. बाकावरची दोन्ही डोकी वर झाली होती. "कुठलं पेन, बाई? घरी चाललोय," असं काहीतरी पुटपुटत ते खाली उतरले. मागं वळून बघायचं नाही असं ठरवूनही फाटकापाशी त्यांनी बघितलंच. गॅरेजवाला येत होता. एकटा.

तो बसमध्ये चढला आणि दोन बाकं मागं बसला. दौतरावांनी खिशात हात घातला. खिशातल्या खिशात त्यांनी चिठोऱ्याचे दोन तुकडे केले, दोनाचे चार, चाराचे आठ, आणखी फाटेनात तोवर. घाम कानामागून कॉलरीत उतरत होता. पेनासाठी निघालो आणि याला थेट तिच्या दारात नेऊन सोडणार होतो, हे त्यांना आत्ता कुठं नीट उमगत होतं. बाईंनी तोंड उघडलं नसतं तरी तो असाच गुपचूप मागं आला असता, आणि मग आपल्याला कळलंही नसतं.

तिच्या घराजवळचा थांबा आला. औषधांचं दुकान, बाजूला गल्ली, गल्लीत तिसरी इमारत. तिथंच कुठंतरी ते पेन होतं. कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली. दौतराव बसून राहिले. मग भलतीच शंका त्यांना कुरतडायला लागली. आपण त्या गल्लीकडे जरा जास्तच वेळ बघितलं का? त्यानं ते पाहिलं असेल का?

आपल्या थांब्यावर ते उतरले. पावलं मागं होतीच. बहिणीनं दार उघडलं तेव्हा तो फाटकाबाहेर उभा होता. त्यानं दारातल्या म्हातारीकडे बघितलं, घराच्या खिडक्यांकडे बघितलं आणि हात खिशात घालून माघारी फिरला. कोपऱ्यावर वळेपर्यंत दौतराव दारातच उभे राहिले. कुठल्या बाजूला वळतोय, तेच त्यांना बघायचं होतं. तो वळला ते बस थांब्याकडे नाही, उलट्या दिशेला. तरी जीव भांड्यात पडेना.

"कोण रे तो?" बहिणीनं विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत भाकरी थापत राहिली.

"मग आता पेनाचं काय?"

"पेनाचं काय घेऊन बसलीस, ताई. त्या मुलीला काही झालं तर?"

"मी नाही, तूच घेऊन बसला आहेस. आल्यापासून तीनदा पेटी उघडलीस."

खरंच होतं ते. पेटीतल्या रिकाम्या खाचेवर त्यांनी कापड ओढलं. अंथरुणावर पडल्यावरही एकदा नीब आठवायची, एकदा टेबलावर टेकलेले ते तेलकट हात. दोन्हींची भीती वेगवेगळी करता येत नव्हती, याची त्यांना लाज वाटली.

सकाळी ते कार्यालयात पोचले तेव्हा दोघे भाऊ बाकावर हजर होते. बाप दाढी न करता आला होता. बूटही आज धुळकट होते. अर्ज स्वीकारायला अजून वेळ होता. दार सताड उघडं, बाक हाकेच्या अंतरावर. सव्वादहाला टेबलावरचा फोन वाजला.

"काका, मी कालची," पलीकडून बारीक आवाज आला. "तुमचं पेन माझ्याकडे राहिलं. काल लक्षातच आलं नाही. आता आणून देते, अर्ध्या तासात पोचते."

दौतरावांनी रिसीव्हर कानाला गच्च दाबला. गॅरेजवाला त्यांच्याकडेच बघत होता.

"ताई, बोल," ते म्हणाले.

"अं? काका, मी..."

"ओळखला आवाज. तू आज घराबाहेर पडू नकोस. इकडं तर मुळीच येऊ नकोस. पाहुणे बसलेत इथं, कालपासून."

मग ती हळूच म्हणाली, "बाबा आलेत?"

"हो."

"काका पण?"

"हो. सगळेच."

मागं कुठंतरी नळ वाहत होता. तो कुणीतरी बंद केला.

"बाबा बरे आहेत?"

दौतरावांनी दारातून बाकाकडे बघितलं. बाप गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता.

"बरे आहेत," ते म्हणाले.

"पेन पोस्टानं पाठवू का? भारी दिसतंय."

पोस्टानं म्हणजे पाकिटावर पत्ता आला, टपालखात्याचा शिक्का आला, आणि कार्यालयाचं टपाल शिपाईबाईंच्या हातून यायचं. दौतरावांनी डोळे मिटले. तिला सांगण्यासारखं किती होतं. नीब साध्या पाण्यानं धुवायची, गरम पाणी लावायचं नाही. पेन उन्हात ठेवायचं नाही. कांडी चार वर्षं सुकली आहे. तो म्हातारा आता नाही. यातलं एक जरी वाक्य बोललो तरी ती पेन घेऊन येईल, हे त्यांना ठाऊक होतं.

"छे गं, साधंच आहे ते," ते आवाज अगदी खाली आणून म्हणाले. "राहू दे तुझ्याकडे. वापर. फक्त दाबून लिहू नकोस, एवढंच."

फोन ठेवल्यावर त्यांनी उगाचच खण उघडून आतले शिक्के नीट लावले.

"कुणाचा फोन?" गॅरेजवाल्यानं बसल्या जागेवरून विचारलं.

"बहिणीचा. काल बघितलीत ना तुम्ही तिला दारात?"

तो वरमला. त्यानं मान फिरवली.

अकरा वाजता बाप एकटाच आत आला. अर्ज नीट भरलेला होता, मोठ्या, गोल अक्षरात. तो खुर्चीवर बसला आणि दाराकडे पाठ करून हळू आवाजात बोलायला लागला.

"काल पत्ता मागत होतो. बरं झालं दिला नाहीत. मिळाला असता तर भावाला आवरणं मला जमलं नसतं. तो दुपारपर्यंत इथं बसेल, मी बसवून ठेवतो. तुम्ही पण त्याला पत्त्याचं काही बोलू नका." त्यानं अर्ज पुढं सरकवला. "मला तेवढी सही दाखवा. लग्न खरंच झालंय, एवढं तिच्या आईला सांगायचंय."

दौतरावांनी नोंदवही काढली. कालचं पान उघडलं आणि ते त्याच्याकडे फिरवलं. त्या पानावर पत्ता नव्हता. तारीख होती, साक्षीदार होते आणि पाच सह्या होत्या. शेवटची तिची. इतर सह्या गिचमिड, घाईच्या. हिनं मात्र शाळेत पहिल्यांदा लिहावं तसं पूर्ण नाव लिहिलं होतं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. शाई काळीभोर उतरली होती. वडिलांच्या नावाशी हात किंचित अडखळला होता आणि तिथली रेघ जराशी जाड झाली होती.

बाप बराच वेळ ते वाचत राहिला. एवढ्याशा तीन शब्दांना इतका वेळ लागत नाही. मग त्यानं उजवा हात पॅंटला पुसला.

"हात लावला तर चालेल का?" त्यानं विचारलं. "शाई वाळली असेल ना?"

"वाळली," दौतराव म्हणाले.

त्यानं एक बोट मधल्या शब्दावर ठेवलं. बाहेर आजचं पहिलं जोडपं येऊन उभं राहिलं होतं. शिपाईबाईंनी आत डोकावून दौतरावांना खूण केली. दौतरावांनी त्यांना हातानंच थांबायला सांगितलं आणि पान मिटू नये म्हणून वहीची दुसरी बाजू धरून बसून राहिले.