डावी बाजू

“ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.”

शंकरप्पा गाडीभोवती फिरत मोजत होता. तो बोलायचा मराठीत आणि मोजायचा कानडीत. वडिलांकडून गॅरेज आलं तसं मोजणंही आलं होतं. इंडिकेटर चार, चारही जागेवर. आरसे दोन हवेत. होता एक, उजवीकडचा. साइड पॅनेल दोन; पैकी डावीकडचं दुसऱ्याच गाडीचं, लाल गाडीला काळं. चेनच्या कव्हरचे दोन स्क्रू गायब. सीटखाली पान्यांची पिशवी नव्हती. मागे बसणाऱ्या बाईच्या पायाखालची पट्टी होती, पण सरळ नव्हती.

सारजाबाई पत्र्याच्या शेडखाली स्टुलावर बसून हे ऐकत होती. तिचा नवरा बलभीम हँडलवर हात ठेवून उभा होता, बाजारात बैल आणलेल्या माणसासारखा.

“एका हाताची हाय,” तो म्हणाला. जुन्या गाड्यांच्या बाजारात याचा अर्थ एकाच मालकाची. “किल्ली कुणाला दिली न्हाय म्या. पोरालासुदिक न्हाय.”

“दिसतंय मामा. इंजन लई साफ बोलतंय.”

“मग मोजतो काय एवढं? चाकं दोन हायती, तेवढी बघ अन् सोड.”

शंकरप्पा हसला, पण मोजायचा थांबला नाही.

कोपऱ्यात दुसरी गाडी उभी होती, बटणावर सुरू होणारी. बलभीमचा गुडघा आता किक मारताना कुरकुरायचा, म्हणून ही गाडी देऊन ती घ्यायची असं ठरलं होतं. सगळं ठीक निघालं तर दोघं आजच तिच्यावर बसून आपल्या गावी, काक्रंब्याला परत जाणार होते. उद्यापासून रोज सकाळी तिच्यावरूनच तुळजापूरला यायचं, देवळाच्या रस्त्यावर पाल ठोकायचं, कवड्यांच्या माळा आणि परड्या मांडायच्या. नवी गाडी जास्त पळते असं बलभीमनं घरी चार वेळा सांगितलं होतं.

ती जास्त पळते हेच सारजाबाईला नको होतं. इंजिनात काहीतरी मोठं निघावं आणि व्यवहार मोडावा, असं ती सकाळपासून मनात म्हणत होती. इंजिन तर साफ निघालं. आता शंकरप्पा डाव्या बाजूला उकिडवा बसला आणि तिनं डावा पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतला.

शंकरप्पानं आधी क्लचचा दांडा पाहिला. टोक तुटलेलं. मग हँडलची मूठ. रबराची कड रस्त्यावर घासल्यासारखी झिजलेली. पुढच्या लेगगार्डवर बोट फिरवत तो खाली आला. तिथं तीन ओरखडे होते. एकाचा गंज तपकिरी होऊन लोखंडात मुरला होता. दुसऱ्यावर नुसती पिवळी झाक होती. तिसरा अजून चकचकत होता.

“मामा, गाडी पडली हुती का?”

“कवाच न्हाय.”

“न्हाय म्हणजे, एकदाच पडली असती तर घासे एका वयाचे असते. हे तीन वयाचे हायती.”

“देवळाच्या गर्दीत लावतो गाडी. यात्रेकरूंच्या गाड्या घासत्यात. आरसाबी त्यांनीच तोडला.”

शंकरप्पा उठला आणि उजव्या बाजूला गेला. तिथला लेगगार्ड त्यानं फडक्यानं पुसला. फडकं काळं झालं. खाली एकही ओरखडा निघाला नाही.

“गर्दी काय एकाच बाजूची असती व्हय?” तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला.

बलभीम हसला. “तू गाडी बघतो का पंचनामा करतो?”

शंकरप्पा पुन्हा डावीकडे आला. साडीगार्डच्या जाळीच्या दोन सळ्या आत गेल्या होत्या आणि कुणीतरी त्या पकडीनं बाहेर ओढून सरळ करायचा प्रयत्न केला होता. खालची पट्टी मागे वाकली होती. त्या पट्टीवर बाईमाणसाचे दोन्ही पाय असतात. शंकरप्पानं पट्टीवरून नजर उचलली आणि स्टुलाकडे पाहिलं.

“मावशी, पायाला काय झालंय?”

“तिला पायरीवर लागलंय,” बलभीम म्हणाला. “देवळाच्या दगडी पायऱ्या. सांगितलं तरी खाली बघून चालत न्हाय.”

पायरीचं सारजाबाईनंच त्याला सांगितलं होतं. करंगळीजवळचं कातडं गेलं ते उसाच्या ट्रॉलीला घासून. ट्रॉली डावीकडच्या कच्च्या रस्त्यानं वर आली. तिनं नेहमीसारखी बलभीमच्या डाव्या खांद्यावर थाप मारली, पण थाप मारायला उशीर झाला होता.

गेल्या नवरात्रात तिला पहिल्यांदा शंका आली. माळा ओवताना त्याची सुई कवडीच्या भोकाशेजारून जायला लागली. दोन कवड्यांमागे एकदा, मग दर कवडीला. तो सुईला शिव्या द्यायचा, नवी आणायचा. मग डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप तीनदा सांडला. तेव्हापासून ती गाडीवर मागे बसून बडबड करायला लागली. गाय आली, पोरं आली, यष्टी आली. बोलण्यानं तो वैतागला तेव्हा खांद्यावर थाप सुरू केली. एक थाप म्हणजे हळू. दोन म्हणजे उजवीकडं घ्या. हे दोघांनी कधी ठरवलं नव्हतं. थाप पडली की तो गाडी तशी घ्यायचा आणि वर म्हणायचा, “दिसतंय मला.”

“मावशी,” शंकरप्पा पुन्हा म्हणाला. “ती दुसरी गाडी जड हाय. पळतीबी लई. म्या ती देऊ का न्हाय, एवढं सांगा.”

बलभीमनं हँडलवरचा हात काढला. “तिला काय इचारतो? गाडी मी चालवतो.”

“व्हय,” सारजाबाई म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. “गाडी एका हाताची हाय, खरं हाय. पर डोळं दोघांचं हायती.”

बलभीमला ते आधी कळलं नाही. मग तो शंकरप्पाकडे बघून हसला. “ऐकलंस का? बाई मागं बसून गाडी चालवती म्हणं. लायसन तिच्या नावानं करतो उद्या.”

शंकरप्पा हसला नाही. तो बलभीमच्या डाव्या अंगाला, दोन हातांवर जाऊन उभा राहिला.

“मामा, एक करा. समोर त्या विजेच्या खांबाकडं बघा. मान हलवू नका. माझ्या हातात काय हाय ते सांगा.”

“बरं. दाखव.”

शंकरप्पाच्या हातात चाकाचा मोठा पाना होता. तो त्यानं बलभीमच्या खांद्याच्या उंचीवर धरला होता. त्यानं सारजाबाईकडे पाहिलं.

“दाखव की लेका,” बलभीम खांबाकडे बघत म्हणाला. “किती येळ लावतो?”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. शंकरप्पानं हात खाली घेतला नाही. काही वेळानं बलभीमनं मान वळवली, सगळी वळवली, आणि पाना त्याच्या खांद्यापाशीच धरलेला होता.

त्यानं पान्याकडे पाहिलं. मग उजवा डोळा तळहातानं झाकला, उघडला, पुन्हा झाकला.

“कवापासनं?” त्यानं विचारलं. विचारलं बायकोला.

“नवरात्रापासनं. त्याच्या आधीचं मला ठाव न्हाय.”

“अन् तू बोलली न्हायस.”

“बोलले असते तर तुमी गाडी सोडली नसती,” सारजाबाई म्हणाली. “मला मागं बसवायचं सोडलं असतं.”

शंकरप्पा आधीच पुसलेले हात फडक्यानं पुन्हा पुसायला लागला. बलभीम गुडघा धरून स्टुलाजवळ खाली बसला. त्यानं बायकोचं लुगडं घोट्यापर्यंत वर सारलं आणि पायाला बांधलेली चिंधी पाहिली. चिंधी डाव्या अंगाला होती, म्हणून ती बघायला त्याला मान बरीच वळवावी लागली.

“पायरी म्हणली हुतीस,” तो म्हणाला.

“व्हय.”

“गाडी ऱ्हाऊ दे इथं,” तो शंकरप्पाला म्हणाला. “दोन्ही ऱ्हाऊ देत.”

“ऱ्हाऊ द्या मामा. तुमची गाडी सावलीला घेतो. अन् पालाचं नंतर बघा. पहिली यष्टी धरा धाराशिवची, डोळं दाखवून या.”

यष्टीत तो खिडकीशी बसला आणि ती त्याच्या डाव्या बाजूला. वाटेत एकदा तिचा हात सवयीनं त्याच्या खांद्याकडे गेला, मग तिनं तो मांडीवर घेतला.

सरकारी दवाखान्यात डोळे तपासणारी मुलगी तरुण होती. तिनं बलभीमला खुर्चीत बसवलं आणि “आजोबा, वाचा” म्हणाली. डावा डोळा झाकल्यावर त्यानं तक्ता खालून दुसऱ्या ओळीपर्यंत न अडखळता वाचला. मग तिनं उजवा झाकला.

“वाचा.”

“तक्ता काढला का तुमी?”

मुलगी तक्त्यापासून निघून त्याच्याकडे आली. बोटं वर धरली.

“किती?”

“दोन.”

चार होती. ती आणखी पुढे आली, आणखी पुढे, त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत.

“आता?”

“चार,” तो म्हणाला. “चार हायती.”

मुलीनं मधलं अंतर नजरेनं मोजलं आणि आतल्या टेबलावरच्या डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “उजवा सहा बाय नऊ. डावा, नुसती बोटं. एका फुटावरून.”