चोवीस खोल्या

“अहो, थांबा! मशीन बंद करा आधी!” बायको ओरडली आणि तिनं हातातला पाण्याचा पाइप बाजूला वळवला.

पॉलिशवाल्यानं बटण दाबलं. दवाखान्याच्या नव्या दालनात एकदम शांत झालं. त्यानं राखाडी चिखल पुसला. फरशीत ताटाएवढं वेटोळं होतं आणि वेटोळ्यात नाजूक पांढऱ्या पडद्यांचे कप्पे.

तो गुडघ्यांवरच बसला. तीस वर्षं तो चुनखडीच्या फरश्यांचे फुटके तुकडे घरी नेत होता. त्यांत दगड झालेले शंख असत, शिंपले असत. सगळ्यात मोठा शर्टाच्या बटणाएवढा.

“मोज बरं,” तो कुजबुजला.

बायकोनं ओल्या बोटानं मोजले. “चोवीस.”

“या शेवटच्या खोलीत शंखातला प्राणी राहायचा. अंगानं वाढला की पुढं मोठी खोली बांधायची, मागची बंद करायची. ही फरशी जिथून आली ना, तिथं तेव्हा समुद्र होता. माणूस कुठंच नव्हता.”

“चोवीस खोल्या! आणि आपली तीस वर्षांत दीडच,” ती म्हणाली, पण बोट काही उचलेना.

तेवढ्यात मुकादम आला. “हा डाग कसला?”

“डाग नाही, प्राणी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा.”

“म्हणजे मेलेला! दवाखान्यात येणाऱ्याला धीर द्यायचा, की हे दाखवायचं? फोडून दुसरी बसवा.”

“अख्खी निघाली तर मी नेऊ?” त्यानं विचारलं खरं, पण सिमेंटात बसलेली फरशी अख्खी निघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दारातून छिन्नी घेऊन माणूस आतही आला.

पॉलिशवाला वेटोळ्यावरून उठला नाही. “साहेब, फोडू नका. बाहेर आणून ठेवलंय ना, ते कागदपत्रांचं लोखंडी कपाट इथं भिंतीपाशी ठेवा. कुणाला काही दिसणार नाही.”

मुकादमानं भिंतीकडं पाहिलं, फरशीकडं पाहिलं. “चालेल. मग एवढा तुकडा पॉलिश न करता सोड. झाकायचाच आहे.”

पॉलिशवाल्यानं सोडला नाही. एकेक नंबरचा घासायचा दगड लावत, शेवटचा बारीक दगड हातानं फिरवत त्यानं चोवीसही खोल्या उजळल्या. बायको न सांगता पाणी सोडत राहिली. मग त्यानं फरशी स्वतःच्या पंच्यानं कोरडी केली.

चार हमाल कपाट ढकलत आले.

“फरफटवू नका,” तो म्हणाला, “उचला.”

आणि एका कोपऱ्याखाली त्यानं स्वतःचा खांदा लावला.