पडून दिसणारं तळं

आवृत्ती अ. तळ्याकाठची खोली. माणूस एक. सहा फूट बाय सहा फूट, लाकडी. आत एक बाक. समोर आडवी, अरुंद खिडकी. उद्देश: बसून पाण्याकडे बघत राहणे.

(नकाशावर एवढंच लिहायचं असतं. बाकीचं मी कागदाच्या मागे लिहिते आहे.)

सुतारकाकांचा फोन आला.

"ताई, खिडकी खाली आलीय."

"कागदावर आहे तिथेच आहे ना?"

"तिथेच आहे. म्हणून तर फोन केला. बाकावर बसलं की नुसता चिखल दिसतो. रविवारी या, बसून बघा, सांगाल तिथे कापतो. सोमवारी मालक येणार आहेत."

चूक कशी झाली: डोळ्यांची उंची मोजायला घरात दुसरं माणूस नव्हतं. म्हणून बाबांची मोजली. पुठ्ठ्यात फट कापून पलंगाच्या कठड्याला लावली, वरखाली सरकवत राहिले. बाबा म्हणाले, "बास. इथे." मी टेप लावली, आकडा उतरवला. बाबा तीन वर्षं अंथरुणावर आहेत. माणूस बसतो, हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं.

आवृत्ती आ. खिडकी दीड फूट वर.

खोडलं. न बघता कसं सांगू?

या तीन वर्षांत अशा अकरा खोल्या काढल्या. झाडाखाली, कड्यावर, गवतात. एकीतही पाय ठेवलेला नाही. बाबांना अर्ध्या तासाहून जास्त एकटं ठेवता येत नाही. अर्ध्या तासात औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन येता येतं. माझ्या टेबलासमोर पलीकडच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप आहे. तो मला तोंडपाठ आहे.

दादाने रविवार कबूल केला होता. एक दिवस. मी बूट पुसून दारापाशी ठेवले.

शनिवारी दादा: "उद्या नाही गं जमत. तुझं काय, तू घरूनच काम करतेस."

"हो," मी म्हणाले. "माझं काय."

रविवार, फोनवर.

"काका, जरा बाकावर आडवे व्हा."

"या वयात कामावर झोपायला लावताय?"

"व्हा हो."

लाकूड करकरलं.

"काका?"

"थांबा जरा." आवाज एकदम खाली गेला होता. "पाणी अगदी गालाशी आलंय. पाणकोंबडी चाललीय, पिल्लं घेऊन. तिचे पाय दिसतायत."

समोर पाइप.

"कापू नका," मी म्हणाले. "बाक काढा, पलंग करू. नवा नकाशा पाठवते."

आवृत्ती इ. पाठवली. दहा मिनिटांत त्यांचा फोन.

"पलंग कळला, ताई. पण उशाशी हे स्टूल कुणाचं? खोली एका माणसाची ना?"

मी नकाशा बघितला. स्टूल होतं. खिडकीच्या भिंतीला टेकून, मापासकट, माझ्याच हातचं.

"तिथे बसणाऱ्याची तळ्याकडे पाठ होतेय," काका म्हणाले. "त्याला चिखलसुद्धा दिसायचा नाही. काढू?"

आतून बाबांनी हाक मारली.

"राहू द्या," मी उठता उठता म्हणाले. "ते लागतं."